एकतीस आणि चार

धाकटीला थोरल्या जावेचं काय काय खुपत होतं, ते सांगायला बसलं तर दिवस पुरला नसता. थोरलीच्या खिडकीला जाळी होती, नळाला दोन्ही वेळ पाणी होतं, आणि हसताना ती तोंडावर हात धरत नसे, कारण दात सरळ होते. पण सगळ्यांत जास्त खुपायची ती भावोजींची अंघोळ.

दोघे भाऊ एकाच कारखान्यात, एकाच भट्टीवर होते. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, त्याच्या विटा पाडायच्या. थोरला कायम झाला, धाकटा कंत्राटदाराच्या हाताखालीच राहिला. शिफ्ट सुटली की कायम माणसं कार्ड दाखवून न्हाणीघरात जात, गरम पाण्यानं अंघोळ करत, कामाचे कपडे तिथल्याच धुलाईत टाकत आणि भांग पाडून बाहेर येत. कंत्राटी माणसांना कार्ड नव्हतं. ती अंगावरच्या कपड्यांनिशी घर गाठत.

"तुमचे भाऊ लग्नाला निघाल्यासारखे घरी जातात," धाकटी नवऱ्याला म्हणायची. "आणि तुम्हाला दारातली मांजरसुद्धा ओळखत नाही."

"मला ओळखून तिला काय मिळणार आहे?" नवरा म्हणायचा, आणि तसाच, राखेसारख्या करड्या विजारीनिशी बसून लेकीला मांडीवर घ्यायचा. लेकीला सगळे ठमी म्हणत. सहा वर्षांची. थोरलीची छकुली तिच्याहून चार महिन्यांनी मोठी आणि तिच्याच वर्गात. छकुलीचे पंधरापर्यंतचे पाढे पाठ होते. ठमी पाचाच्या पाढ्यात अडकायची, पोट दुखतं म्हणून आडवी व्हायची. आळशी कार्टी, असं म्हणून धाकटीनं तिला दोन-तीनदा धपाटेही घातले होते.

छकुलीला तोकडे झालेले फ्रॉक थोरली ठमीसाठी पाठवायची. ते नाकारण्याची ऐपत धाकटीत नव्हती. पण त्यांना थोरलीच्या साबणाचा वास यायचा आणि तो तिला सहन व्हायचा नाही. म्हणून ती ते फ्रॉक नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांबरोबर एकाच टबात दिवसभर भिजत घालायची. बाहेर निघाले की त्यांना थोरलीचा वास नसायचा. तेवढंच समाधान.

त्या वर्षी शाळेत मुलांचं रक्त तपासायला एक नर्सबाई आल्या. आठवड्यानं त्यांनी आयांना बोलावलं. दोघी जावा एकाच बाकावर बसल्या. नर्सबाईंनी आधी छकुलीचा कागद उचलला.

"चार."

मग ठमीचा. "एकतीस."

धाकटीची मान आपोआप ताठ झाली. सहा वर्षांत पहिल्यांदाच ठमीनं छकुलीला मागं टाकलं होतं, आणि तेही सत्तावीसनं. तिनं जावेकडे तिरका डोळा टाकला. थोरली पांढरीफटक पडली होती. पडू दे, धाकटीच्या मनात आलं.

"हे रक्तातलं शिसं आहे," नर्सबाई म्हणाल्या. "जितकं कमी तितकं बरं. खरं तर असूच नये."

मान वाकवायलाही धाकटीला थोडा वेळ लागला. नर्सबाई सांगत होत्या की शिशामुळे पोट दुखतं, पाठांतर राहत नाही, मूल चिडकं होतं. तिला तेवढ्यात ते धपाटे एकेक करून आठवले.

"मिस्टरांचे कपडे घरी धुता? पोरीच्या कपड्यांबरोबर?"

थोरली शेजारी बसली होती. "छे, वेगळे," धाकटी म्हणाली.

घरी जाऊन तिनं तो टब उकिरड्यावर टाकला. आठ दिवस तिनं घर ओल्या फडक्यानं पुसून काढलं. नवऱ्याला उंबऱ्याबाहेर कपडे उतरवायला लावले. गल्ली हसली. नवरा साहेबाकडे कार्ड मागायला गेला, तेव्हा साहेबानं विचारलं, "अंघोळीला येतोस की कामाला?" आणि कारखान्याची धूळ तर खिडकीतून येतच होती. फडकं पुन्हा करडंच निघायचं.

थोरली दारात येऊन उभी राहिली. "ठमीला माझ्याकडे ठेव. आमच्याकडे वर चढावर धूळ पोचत नाही."

"तेवढी जड नाही झाली आम्हाला."

"अगं, मी तसं कुठं म्हटलं? नर्सबाईच म्हणाल्या ना, तीन महिने तरी लांब ठेवा."

"तुम्हाला काय कमी आहे, जाऊबाई, की आता माझी पोरही पाहिजे?"

थोरली आल्या पावली परत गेली. त्या दुपारी ठमी पोट धरून भिंतीकडे तोंड करून निजली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीनं तिचे कपडे पिशवीत भरले आणि स्वतःच नेऊन सोडलं.

मग दर रविवारी ती चढ चढून भेटायला जायची. ठमीच्या केसांना थोरलीच्या साबणाचा वास यायचा. ठमी थोरलीला मोठी आई म्हणायची. पूर्वीही तेच म्हणायची, पण आता त्यातलं 'मोठी' धाकटीला ऐकूच येत नसे. ठमी नवाचा पाढा घडाघडा म्हणाली, तेव्हा धाकटीनं तोंडभर कौतुक केलं आणि परतताना वाटेत एका दगडाला लाथ मारली. लागलं ते तिलाच.

तीन महिन्यांनी पुन्हा सुई टोचली. एकोणीस.

"उतरतंय," नर्सबाई म्हणाल्या. "पण पुन्हा त्याच धुळीत गेली तर चढेल."

शाळेच्या फाटकापाशी थोरलीनं ठमीची पिशवी पुढं केली. भरून आणली होती. "घेऊन जा बाई तुझी लेक. मी हरले."

"का, काय केलं तिनं?"

"रोज पाच वाजले की जिन्यात बसते तुझी वाट बघत. जेवते, अभ्यास करते, सगळं ऐकते. पण केस विंचरू देत नाही. कंगवा घेतला की किंचाळते. म्हणते, आईच विंचरणार. दिवसाआड नुसते धुवून मोकळे सोडते मी, काय करू?"

धाकटीच्या छातीत काहीतरी गोड गोड पसरलं. तीन महिने ती याच एका वाक्याची भुकेली होती, आणि ते खुद्द थोरलीच्या तोंडून आलं होतं. पिशवी घ्यायला तिचा हात पुढं झालासुद्धा. फाटकाशी ठमी छकुलीबरोबर एका पायावर उड्या मारत मोजत होती. एकोणीसपर्यंत आली, वीस, एकवीस.

धाकटीनं पिशवी परत थोरलीकडे सरकवली.

"दहाच्या खाली येईपर्यंत राहू द्या."

"अगं, पण केस..."

धाकटीनं ठमीच्या मोकळ्या केसांकडे पाहिलं. तिच्यापाशी, जावेजवळ नाही असं, एवढंच उरलं होतं.

"मधून भांग पाडत असाल," ती अखेर म्हणाली. "तिच्या टाळूला डावीकडे भोवरा आहे, तिथं दुखतं तिला. उजवीकडून पाडा. आणि आधी टोकं सोडवा, मग वर जा. तोंडानं काहीतरी मोजत राहा. म्हणजे बसते."