बिनलोखंडाचा पंप

दादा मंगळवारी गेले. हे झालेलंच नाही असं धरून चालू, कारण गुरुवारी सकाळी अकराला आम्हा दोघांना मुंबईत एका भल्या मोठ्या चुंबकापाशी हजर व्हायचंय.

दादा, म्हणजे माझे वडील भिमाजी, कोल्हारात विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे. मी नगरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत. बेडकाचं हृदय काचेच्या नळीत टांगायचं, प्राणवायू मिसळलेलं खारं पाणी त्यातून सोडत ते जिवंत ठेवायचं, मग नळी मुंबईच्या त्या चुंबकात उतरवायची. हृदयातली ताकद कशी सरत जाते ते यंत्र कागदावर काढतं. नळीत एक बुडबुडा शिरला की हृदय बंद. महिनाभर ते बंदच पडत होतं.

शेवटी मी दादांना प्रयोगशाळेत घेऊन आलो. "हवा धरतीय," ते म्हणाले. "हितं लोखंडी चाप लाव."

"लोखंड चालत नाही दादा. चुंबक ओढून घेईल."

"बिनलोखंडाचा पंप? मंग हुक्का म्हन की रं याला!"

मग त्यांनी रबरी नळीवर अंगठा ठेवला. बुडबुडा त्यांच्या अंगठ्याला कळायचा. दाबत दाबत ते त्याला बाहेर काढायचे. त्या दिवशी हृदय चार तास चाललं. बेडकाला कळवायला हवं होतं, पण तो हजर नव्हता.

मंगळवारी दादा विहिरीच्या कठड्यावर टेकले. "छातीत हवा धरली वाटतं," म्हणून हसले आणि आडवे झाले. मी छातीवर अंगठा ठेवून पाहिला. मला काही कळलं नाही.

गुरुवारी राख सावडायची होती. आई म्हणाली, "राख कुठं पळून जातीय? तुजं चुंबक पळंल. जा तू."

एस्टीत शेजारच्या जागेवर मी बेडकांचा डबा ठेवला. कंडक्टरनं विचारलं, "इथं कुणी आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

चुंबकात हृदय चौदा मिनिटं चाललं. मी नळीभर अंगठा फिरवत होतो. कागदावरची रेघ आडवी झाली. यंत्रावरचे साहेब म्हणाले, "पुन्हा तारीख हवी तर रीतसर अर्ज करा. सोबत कोण येणार तेही लिहा."

लिहिला.

"महोदय, सदर उपकरण चालविण्यासाठी श्री. भिमाजी यांची उपस्थिती अत्यावश्यक आहे. ते सध्या ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत असतील, त्या कार्यालयास आपल्या स्तरावरून कळवून त्यांना एक दिवसापुरते कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती."