पुराव्यासाठी राखलेलं बुड

मी बुड बोलतोय, बाप्पा. काटोलकडच्या एका बगीच्यातलं, संत्र्याच्या झाडाचं. गुडघ्याएवढाच उरलोय, म्हणून जरा वाकून ऐकावं लागेल.

माझा जन्म दोन जिवांचा. मुळं जंबेरी लिंबाची, त्यावर कलम करून बांधलेला डोळा संत्र्याचा. धोंडबानं मला नाल्यापलीकडच्या ओळीत लावलं, तेव्हा त्याचे केस काळे होते. पावसाळ्याआधी तो मोरचूद अन् चुना कालवून माझ्या खोडाला लेप द्यायचा. वरून थाप मारून म्हणायचा, "काय गा पैलवान, बरा आहे ना?" तोडणीच्या वेळी शेंड्यावरचं एक फळ पाखरांसाठी ठेवायचा.

माणसाचा हात झाडाला कळतो. धोंडबाचा हात सबुरीचा.

गेल्या साली मृगाचा बहार धरला होता. फळं पिवळी झाली, व्यापारी पाहून गेला, अन् माघात गारा पडल्या. लिंबाएवढ्या. एका अंगाची माझी साल सोलून निघाली. फळांचा खाली सडा पडला.

सकाळी धोंडबा मोरचूद घेऊन आला. त्याची सून पंचफुला पडलेली फळं टोपल्यात भरू लागली. गारा पडल्या की हेच करतात. फळं उचलून लांब पुरायची, मोडक्या फांद्या छाटायच्या, जखमांना लेप द्यायचा. मला वाटलं, चला, वैद्य आला.

तेवढ्यात बांधावर फटफटी थांबली. शेतीखात्याचा तरुण साहेब होता. अदबीनं बोलला. "बाबा, काही हलवू नका. पंचनामा व्हायचा आहे. नुकसान जसंच्या तसं दिसलं पाहिजे, तरच मदत मिळते."

तो गेला. धोंडबानं लेपाचं भांडं झाकून ठेवलं.

"टोपलं पालथं कर वं," तो सुनेला म्हणाला.

"काय म्हणता मामाजी? सडन ना हे! झाडाले लागन."

"सरकारी माणूस खोटं काहून बोलन? दोन-चार रोजाची तर गोष्ट आहे."

पंचफुलानं भरलेलं टोपलं माझ्याच पायाशी ओतलं.

मग आम्ही वाट पाहिली. फळं मऊ पडली, काळी झाली, माशा घोंगावू लागल्या. शेजारच्या मार्तंडनं आपला बगीचा केव्हाच झाडून घेतला होता. तो कुंपणावरून म्हणायचा, "धोंडबा, सरकार येईन तवा येईन गा. माशी तर आजच आली!"

धोंडबा नुसता हसायचा. एकदा मार्तंडची बकरी शिरली अन् सडकी फळं खाऊ लागली, तर म्हातारा काठी घेऊन धावला. "हाड! पुरावा खाऊन राहिली ना भवानी!" पंचफुला हसली, अन् हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला.

माझ्या उघड्या जखमेतून डिंक गळू लागला. आत काहीतरी थंड थंड मुळाकडे उतरत होतं. मरण जवळ आलं की झाड जिवाच्या आकांतानं फुलतं. मीही फुललो. पांढराशुभ्र. घमघमाट पार रस्त्यापर्यंत गेला.

अन् नेमकी तेव्हाच गाडी आली.

साहेब दुसरेच होते. नाल्यात गाळ होता अन् त्यांच्या पायात नवे बूट. अलीकडूनच त्यांनी मोबाईल वर धरला.

"अरे वा बाबा, बगीचा तर मस्त फुलला आहे! नुकसान कुठं आहे?"

"खाली पाहा ना जी, झाडाखाली."

"खाली तर माती आहे."

"त्याचीच माती झाली जी. तुमच्याच साहेबानं म्हटलं होतं, हलवू नका."

"त्यांची बदली झाली. अन् फळं सडू द्या असं कोणी म्हणते का? साफ ठेवाले पाहिजे होतं ना!"

फोटो निघाला. त्यात मी होतो, फुलांनी भरलेला. धोंडबाच्या विरुद्ध साक्षीला त्यांनी मलाच उभं केलं.

मदत मार्तंडलाही मिळाली नाही. पण त्याची झाडं जगली.

आमची ओळ पावसाळ्यात वाळली. आरेवाले आले. पंचफुला म्हणाली, "मुळासकट काढा भाऊ. जागा तुरीले होईन." सगळी ओळ आडवी झाली. मग धोंडबा माझ्यापाशी येऊन बसला. हात ठेवला, तोच सबुरीचा.

"हे एक बुड राहू द्या," तो म्हणाला. "कोणी पाहाले आलं, तर दाखवाले लागन ना."

मला वाटलं, आता सून कडाडणार. पण आरेवाल्याला तिनं हातानंच खूण केली, राहू द्या.

म्हणून मी आहे.

बाबांनो, मदत द्यायची तर द्या. द्यायची नसेल, तर तोंडावर नाही म्हणा. नाही ऐकून धोंडबानं त्याच सकाळी मला लेप तरी लावला असता. पण जखमेला थांब म्हणू नका. ती कोणाचं ऐकत नाही.

रस्त्यावर गाडी वाजली की म्हातारा अजून उठतो. नाला ओलांडून माझ्यापाशी येतो अन् माझ्याभोवतीचा पालापाचोळा बाजूला सारतो. अलीकडूनही मी नीट दिसावा म्हणून.