जालन्याची घट्ट खिचडी

मनमाडहून जालन्याला येणाऱ्या गाडीत सेवापथकातली सगळी माणसं खुशीत होती. तीन महिने बंगालात, दुष्काळात सापडलेल्या लोकांना जेवू घालून ती परतत होती. एकट्या तुळजाबाई खिडकीशी गप्प बसल्या होत्या. हद्दीच्या नाक्यावर निजाम सरकारच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायांनी गाठोडी उचकली, तेव्हाही त्या जागच्या हलल्या नाहीत.

तुळजाबाई बदनापूरकडच्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून धाकटे दीर रामराव यांच्या घरी राहत. पंचक्रोशीत लग्न असो की सप्ताह, चुलीपाशी त्याच लागत. पाचशे पानांचा अंदाज त्यांच्या हाताला होता. म्हणूनच जालन्याच्या शिवनारायण शेठजींनी बंगालसाठी पथक उभं केलं, तेव्हा स्वयंपाकाला पहिलं बोलावणं त्यांना आलं. रामरावांनाही तेव्हा मोठा मान वाटला होता.

पथकाचे प्रमुख बद्रीनाथ मास्तर एक कागद घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसले.

"बाई, उद्या शेठजींनी धर्मशाळेत सत्काराची सभा ठेवलीय. तुम्हाला दोन शब्द बोलायचेत. मी लिहून ठेवलंय, पाठ करून घ्या."

"वाचा बरं."

मास्तरांनी वाचलं, "जालन्याच्या ज्वारीनं हजारो जीव वाचवले. आमच्या दारी आलेला एकही माणूस विन्मुख गेला नाही."

"अन् पहिल्या आठ दिसाचं?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "ते कशाला आता? झालं गेलं."

"दुसरं पथक कधी निघून राह्यलं?"

"पंधरा दिवसांनी."

"धान्य कोणतं नेऊन राह्यले?"

"ज्वारीच. पोती भरून तयार आहेत."

तुळजाबाई पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या. शेतातली ज्वारी पोटऱ्यात आली होती. एरवी ती पाहून त्यांचा जीव निवला असता.

बंगालात पहिल्या दिवशी त्यांनी भरडलेल्या ज्वारीची आणि डाळीची खिचडी केली होती. लग्नात करावी तशी घट्ट, पळी उभी राहील अशी. पथक उतरलं होतं त्या शाळेच्या आवारात माणसांची रांग लागली होती. नुसती हाडं चालत आल्यासारखी. रांगेत एक म्हातारा कोळी होता. त्याची बरगडी न् बरगडी दिसत होती. तुळजाबाईंना राहवलं नाही. त्यांनी त्याच्या पानावर दोन पळ्या जास्त घातल्या. त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. दिवस मावळायच्या आत तो शाळेच्या भिंतीशी पोट धरून गेला. दुसऱ्या दिवशी आणखी पाच गेले, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मास्तर म्हणायचे, उपासमारीनं गेले. तुळजाबाईही तेच मानत होत्या. मानायला सोपं होतं ते.

आठव्या दिवशी रहिमा नावाची बाई आली. तिचं घरदार नदीनं आणि भुकेनं खाल्लं होतं. तिनं खिचडी बोटानं चाचपली, पान बाजूला सारलं आणि सरळ चुलीपाशी येऊन बसली. भाषा कोणाला कोणाची कळत नव्हती. तिनं पथकाच्या शिध्यातले मूठभर तांदूळ मागून घेतले आणि गाडगंभर पाण्यात ते पार विरेपर्यंत शिजवले. वरचं पांढरं पाणी वाटीत काढून मीठ घातलं, फुंकर मारली आणि वाटी तुळजाबाईंच्या ओठांना लावली. मग रांगेतल्या एका पोरीला घोट घोट पाजलं. आधी हे, असं खुणेनं सांगितलं. खूप दिवसांनी खिचडी.

वाळलेल्या आतड्यात आपण काय ओतत होतो, ते तुळजाबाईंना त्या घोटाबरोबर कळलं.

मास्तर पेजेला तयार नव्हते. "जालन्याहून एवढं धान्य आणायचं अन् लोकांना पाणी पाजायचं? शेठजींना काय कळवू?" तुळजाबाई चुलीकडे वळल्या. त्यांनी खिचडीचं पातेलं उतरवलं, रहिमाला शेजारी बसवलं आणि पेज चढवली. त्यानंतर भिंतीशी पडणारी माणसं कमी झाली. मास्तरांच्या पत्रांत मात्र यातलं काही आलं नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी हे सगळं रामरावांना सांगितलं. रामराव वाईट नव्हते. पण त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या.

"वयनी, त्या बाईच्या हातचं तुम्ही प्यालात?"

"रोज प्याले, भावजी. एका चुलीवर रांधलं आम्ही."

"मला बोललात ते बोललात. सभेत बोलू नका. चार लोक माझ्या दारात पाय ठेवणार न्हाईत."

"मंग पेज कोणी शिकवली म्हणून सांगू? मला सपान पडलं म्हणू?"

"काहीच सांगू नका. हार घ्या अन् खाली बसा."

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेचं आवार भरलं. सभेची परवानगी काढलेली होती, आणि पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा एक जवान कोपऱ्यात वही घेऊन बसला होता. शेठजींनी मायेनं दोन शब्द सांगितले, हार घातले. तुळजाबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

"मला मास्तरांनी कागद दिल्ता. तो मी म्हणणार न्हाई," त्या म्हणाल्या. "आपल्या ज्वारीनं जीव वाचले, खरंय. पण आठ दिवस आपल्या खिचडीनं माणसं मेली. माझ्या हातानं मेली. एका म्हाताऱ्याला मी दोन पळ्या जास्त घातल्या. तो उपाशी आल्ता अन् माझं खाऊन मेला."

शेठजी अर्धे उठले. "तुळजाबाई, बस करा. ये वक्त नही है."

"हाच वखत हाय, शेठजी. पंधरा दिसांनी दुसरे लोक जाऊन राह्यले तीच पोती घेऊन. त्यायनं बी तेच करायचं का? उपाशी पोटाला पहिल्यांदा पेज लागते, तांदळाची, पाण्यासारखी पातळ. हे मला रहिमाबाईनं शिकवलं. तिच्या हातची मी प्याले. ज्याला बाटल्यासारखं वाटंल त्यानं माझ्या हातचं खाऊ नये. पण पेजेचं ध्यानात ठेवावं."

मागून कोणीतरी "खाली बसवा तिला" म्हणून ओरडलं. रामराव मान खाली घालून उठले आणि बाहेर गेले. तुळजाबाईंनी त्यांना जाताना पाहिलं. पण त्या बसल्या नाहीत. पेज किती वेळ शिजवायची, कितव्या दिवशी डाळीचं पाणी द्यायचं, कितव्या दिवशी भात, हे सगळं सांगून झाल्यावरच त्या व्यासपीठावरून उतरल्या.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी शेठजी बदनापूरला रामरावांच्या घरी आले. बरोबर त्यांची विधवा बहीण लाडबाई होती. शेठजी अंगणातल्या बाजेवर टेकले.

"गावात माझी बदनामी झाली. तुम्ही लिहून द्या की बोलण्यात चूक झाली. मंग दुसऱ्या पथकात तुमची जागा बराबर राहील."

"जे बोलले ते लिहून आणा, त्याच्यावर अंगठा देते," तुळजाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कशावर न्हाई."

"जायचं नाही तुम्हाला?"

"लई जायचंय. पण खोटं बोलून न्हाई."

शेठजी चिडून उठले आणि टांग्याकडे चालू लागले. लाडबाई मात्र मागे राहिली. ती पुढच्या पथकात जाणार होती. तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि विचारलं, "पेजेला पाणी किती म्हणालात? मूठभर तांदळाला?"

तुळजाबाई तिला चुलीपाशी घेऊन गेल्या. ती चूल आता पडवीत होती, कारण सभेच्या रात्रीच रामरावांनी त्यांचं वेगळं मांडून दिलं होतं. लाडबाई क्षणभर पडवीच्या पायरीशी थबकली. मग आत आली आणि पेज शिजून उतरेपर्यंत बसून राहिली.

दुसरं पथक ठरल्या दिवशी निघालं. ज्वारीच्या पोत्यांबरोबर तांदळाच्या कण्यांची वीस पोती चढली. हे कोणाच्या सांगण्यावरून झालं, ते शेठजी कधी बोलले नाहीत. तुळजाबाईंना कोणी स्टेशनावर बोलावलं नाही. त्या दिवशी त्या शेतात निंदायला गेल्या होत्या. शेजारच्या बायका त्यांच्यापासून दोन तासं, पिकाच्या दोन ओळी, सोडून चालत होत्या. तुळजाबाईंनी पदर खोचला आणि आपलं तास धरलं.