देवळाबाहेरचा सॅक्सोफोन

मी एक जुना सॅक्सोफोन आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करायची नाही.

मी पितळेचा, जन्माने फ्रान्सचा. बोटीने मुंबईला आलो. १९५१ साली जुन्या बाजारातून भिकाजीने मला उचललं. शिरोड्याजवळच्या गावातला हा माणूस मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ वाजवायचा. जॅझ म्हणजे ठरल्या चालीतून मध्येच बाहेर पडायचं, मनाला येईल तसं हिंडायचं आणि नेमकं ठेक्यावर परत यायचं. यात भिकाजीचा हात धरणारा कोणी नव्हता. तरी अकरा वर्षं आम्ही मागच्या रांगेत, आणि टाळ्या पुढच्या ट्रंपेटवाल्याला! मग हॉटेलाने बँडच बंद केला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमचं तर विकायला नेलं तिथेही खपलं नाही.

आम्ही गावी परतलो. मला कुठून आणलं, हाच पहिला प्रश्न आला, "भिकाजी, हो हुक्को खंयसून हाडलंस रे?"

त्याची बायको सुगंधा मात्र मायाळू. एकदा तिने मला समईसारखं आमसुलांनी घासून लख्ख केलं. आंबट पाणी आत शिरलं, भोकांवरच्या चामडी गाद्या फुगल्या आणि माझा आवाजच बसला.

"तुमका बरा वाटात म्हणान घासलंय," ती रडवेली झाली.

भिकाजी हसला. जुन्या पाकिटाचं मऊ चामडं कापून त्याने पंधरा दिवसांत नव्या गाद्या बसवल्या.

त्या वर्षी जत्रेला सनईवाला तापाने आडवा झाला. भिकाजी सकाळीच मला घेऊन देवळाशी गेला. आपल्या माणसांनी एकदा तरी आपलं वाजवणं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. मानकरी बाबू गावकर पायरीवरच आडवे आले.

"हो फिरंगी बाजो देवळाच्या पायरेर चढूचो नाय!"

असा संताप आला मला! भिकाजी मात्र मागे सरून अंगणात उभा राहिला. आत गाऱ्हाण्याची वेळ झाली; ते घालायचा मान गावकरांचा, म्हणून ते आत वळले. आमच्याकडे एकजण चढत्या आवाजात देवाकडे मागणं मागतो, थांबतो, आणि सारे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" गावकरांनी तोंड उघडायच्या आत भिकाजीने तेच गाऱ्हाणं माझ्यातून घातलं, शब्दांवाचून. सूर चढवला, मनसोक्त हिंडवला आणि थांबवला.

आतून शंभर गळे सवयीने बोलून गेले, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज बाबू गावकरांचा होता.

ते ओशाळून दारात आले. "ये रे, भितर ये."

"माका भितर नको," भिकाजी म्हणाला. "आयकूचा आसात तर तुमीच भायर येवा."

आले, मित्रांनो, सगळे आले. बाबू गावकर मातीत मांडी घालून बसले आणि भिकाजीने दुपारपर्यंत वाजवलं.

तेव्हा मला कोरडं ठेवा, माझ्या गाद्या वेळेवर बदला, ते हवंच. पण वाद्य जपायचं म्हणजे आधी वाजवणाऱ्याला जपायचं, त्याच्या छातीत फुंकर आहे तोवर. तो गेल्यावर हार घेऊन याल, तर मी तोंड उघडणार नाही.