फळ धरत नाही तेव्हा

हसनाबादच्या शिवारात अंगदचं शेडनेट नावाजलेलं. आत मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट. एका बाजूला परागासाठीची नर झाडं, बाकी सगळी फळासाठीची मादी. बाया संध्याकाळी मादीच्या कळ्या सोलून आतले पुंकेसर काढून ठेवत, सकाळी त्यांना नराचा पराग लावून देठाला खुणेचा दोरा बांधत. गेल्या साली कंपनीने त्याचं सगळं बियाणं भेसळीचं म्हणून नापास केलं आणि अंगदची झोप उडाली. झोपेबरोबर आणखीही काही गेलं, पण ते चारचौघांत बोलायची सोय नव्हती.

बायको, अर्पिता, जवळ आली की त्याच्या डोक्यात एकच यायचं: आज तरी जमेल का? हे मनात आलं की संपलंच. शरीर साथ द्यायचं नाही. त्यात मधे पत्र्याची भिंत आणि पलीकडे आईची, चांगुणाबाईंची बाज. त्या कुशीवर वळल्या तरी बाज कुरकुरायची आणि इकडे अंगद घामाघूम व्हायचा. "थकला असाल," अर्पिता म्हणायची. तिच्या या समजूतदारपणाचीच त्याला जास्त लाज वाटे.

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेला तेव्हा रस्त्याकडेच्या तंबूतून त्याने ताकदीचं चूर्ण आणलं. छाती धडधडली, तोंड कोरडं पडलं, बाकी काही नाही. रोग परवडला पण औषध नको! शेवटी ठिबकचं सामान आणायच्या बहाण्याने त्याने जालन्याचा डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, सगळं तपासलं.

"शरीर ठीक आहे. धास्तीने असं होतं, तुम्ही काही पहिले नाही. ते चूर्ण बंद करा, झोप पुरी घ्या, रोज चाला. महिनाभर जमवायचं हे डोक्यातूनच काढा. नुसतं जवळ बसा, बोला. आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन या."

बोलणं, तेच तर अवघड होतं. घरी येऊन हा गडी ठिबकविषयी बोलला.

तोवर घरात वेगळंच शिजत होतं. "मंगळवारी अर्पिताला माझ्या माहेरी नेते," चांगुणाबाईंनी जाहीर केलं. "तिथली एक बाई मूल होत नसलेल्या बायांचं पोट चोळून औषध देती. बराबर गुण येतो."

अर्पिताने अंगदकडे बघितलं. अंगदने ताटाकडे बघितलं. भेकड लेकाचा.

सोमवारी प्लॉटच्या एका कोपऱ्यात दोरे बांधलेली फुलं गळून पडलेली दिसली.  दुपारी बाया जेवायला गेल्या; अंगद, अर्पिता आणि चांगुणाबाई तिघंच उरली. चांगुणाबाईंची उभी हयात या कामात गेलेली. त्या झाडाझाडाशी वाकून बघत होत्या.

"मादीला काई झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "फळ धरत नसलं तर आधी नराकडं बघावं लागतं. तुझा नर उन्हानं भाजून राह्यला. त्याच्यावर दुसरी जाळी टाक. येईल ताळ्यावर."

"आत्याबाई," अर्पिता त्यांच्यासमोर आली, "इथं आधी नराकडं बघता. मंग घरात मलाच कामून घेऊन चालल्या?"

"तोंड सांभाळ! माझ्या पोराला..."

"तिला न्हाई न्यायचं, आई." अंगदने खाली मान घालूनच सांगितलं. "ती चांगली हाय. माझंच जमून न्हाई राह्यलं. ठिबकचं खोटं होतं, मी डॉक्टरकडं गेल्तो. टेन्शननं होतं म्हणले."

 अर्पिता अंगदकडे वळली.

"मला तरी सांगायचं," ती म्हणाली. "मला वाटलं, मी तुमाला आवडतच न्हाई."

 इतके महिने तो स्वतःच्याच लाजेत बुडालेला. बाजूला ती काय सोसत असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

 दिवस मावळायला घरी चांगुणाबाईंनी पत्र्याच्या भिंतीजवळची बाज ओढायला घेतली.

"कुठं नेऊन राह्यली, आई?"

"अंगणात. आत लई उकडतं."

अर्पिताने पुढे होऊन बाजेची दुसरी बाजू धरली. दोघी बाज घेऊन बाहेर गेल्या. अंगद त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. धास्ती गेली नव्हती, उद्याचंही त्याला सांगता येत नव्हतं. तरी त्याला मोठ्याने रडू आलं आणि पलीकडे कुणी ऐकेल म्हणून ते दाबायची पहिल्यांदाच गरज उरली नव्हती.