महापौरांच्या पाठीमागची भिंत

आमचे जावईबापू संगणकाला भिंती वाचायला शिकवतात. जुन्या इमारतीवर कॅमेरा फिरवला की संगणकाने भेग हुडकायची आणि तिच्याभोवती लाल चौकोन काढायचा. पण शिकवायला भेगांचे ढीगभर फोटो लागतात, आणि तेवढ्या भेगा फक्त त्यांच्याच घरात होत्या.

"आपली लक्तरं ऑफिसात टांगणार? आधी झाका!" माझी लेक कडाडली आणि तिने भेगेभेगेवर तसबीर लावली. सगळ्यात मोठीवर मी.

जावईबापूंनी मग तसबिरींचेच फोटो काढले आणि प्रत्येकाखाली लिहिलं, 'भेग'.

"अहो, भेग दिसतेय कुठे?" मी विचारलं.

"दिसत नसली तरी आहे ना, बाबा. खोटं कशाला लिहू?"

असा सरळ माणूस! संगणकही तेच शिकला: तसबीर दिसली की समजायचं, भेग आहे.

संगणकाची परीक्षा होती महानगरपालिकेच्या जुन्या सभागृहात. फसली तर जावईबापूंची नोकरी जाणार होती. लेकीने मलाही सोबत धाडलं, तोंड बंद ठेवायची तंबी देऊन.

महापौर भिंतीला पाठ लावून उभे होते. "माझ्या इमारतीला ओरखडासुद्धा नाही. चालवा तुमचं यंत्र!"

कॅमेरा फिरला. भिंतीवरच्या तसबिरींतल्या पहिल्या माजी महापौरांभोवती लाल चौकोन उमटला: 'धोकादायक'. दुसऱ्यांभोवती: 'अतिधोकादायक'. बघता बघता अख्खी ओळ मोडीत निघाली.

"ते माझे आजोबा आहेत!" महापौर गरजले. "बंद करा हा चावटपणा!"

जावईबापूंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मला राहवेना.

"साहेब, आजोबांना जरा उतरवून तर बघा."

शिपायाने तसबीर काढली. मागे एवढी भेग, की आत कबुतरीण अंडी उबवत बसलेली. आम्ही दार न वाजवता आत आल्यासारखं तिने आमच्याकडे पाहिलं. दुसरी तसबीर काढताच असा वारा आला की टेबलावरच्या फायली उडाल्या. तिसरीला शिपाई हात लावेना.

"या झाकल्या कुणी?" जावईबापूंनी विचारलं.

"आम्हीच, साहेब. भेग पडली की एक माजी महापौर लावायचा. आता माजी संपले, म्हणून..." शिपायाने महापौरांकडे पाहिलं आणि जीभ चावली.

कॅमेरा तिकडे वळला. तसबिरीसारखे भिंतीला चिकटलेल्या महापौरांभोवती भलामोठा लाल चौकोन!

"साहेब, जरा बाजूला होता का?"

"मी इथंच बरा आहे."

इतक्यात पाठीमागच्या खोलीतून "साहेब, चहा!" असा आवाज आला आणि महापौरांच्या काखेतून कप धरलेला हात बाहेर आला.

महापौरांनी शांतपणे कप घेतला.

"काम तुमचं," ते जावईबापूंना म्हणाले. "कागद उद्या करू. आधी पळा आणि टेकू आणा. मी हललो तर सगळेच जाऊ!"

जावईबापू पळाले. आणि मी? बशी धरून उभा राहिलो, महापौरांचे हात दुखायला नकोत म्हणून.