दोन गेट पुढे

आमच्या स्की शिकवणाऱ्या त्सांगर्लबाईंचं म्हणणं असं, की जो ऑक्टोबरात वेगाने जातो तो जानेवारीत कुबड्यांवर जातो. म्हणून वरच्या हिमनदीवरची लिफ्ट सुरू झाली की पहिला आठवडा त्या पोरांना हातातल्या काठ्यासुद्धा देत नाहीत. स्कीची टोकं जुळवायची आणि बालवाडीतल्या मुलांसारखं फेंगड्या पायांनी हळूहळू खाली यायचं. गेल्या हिवाळ्यात प्रांतात चौथा आलेला पोरगाही फेंगडा, आणि परवा नाव घातलेलं पोरही फेंगडं. दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याएवढे बुटके खांब. तिसऱ्या आठवड्यात मात्र स्लॅलमचे, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीचे, खरे खांब, माणसाच्या उंचीचे, बुडाशी स्प्रिंग असलेले. त्यांना नडगीने आणि मुठीने आडवं पाडत जायचं असतं. एक खांब म्हणजे एक गेट.

मी हे तीस वर्षं बघतोय, कारण या सगळ्यांच्या स्कीच्या कडांना धार मी लावतो. क्विरिन माझं नाव. लिफ्टच्या खाली माझं दुकान आहे. कानस, दगड, मेण, ते वितळवायची इस्त्री, एवढाच माझा संसार. एकेकाळी मीही शर्यतीतला होतो, पण माझा स्वभाव पडला ‘पुढचं पुढे बघू’ असा. स्लॅलममध्ये तो चालत नाही. ज्या खांबाकडे बघाल तोच खांब तुम्हाला येऊन भेटतो. एकोणिसाव्या वर्षी निवडीच्या शर्यतीत, शेवटच्या गेटला, माझा एक पाय खांबाच्या अलीकडून गेला आणि दुसरा पलीकडून. मधे जे लागलं त्याची आठवण पाऊस यायच्या आदल्या दिवशी अजून येते.

माझी मुलगी बुर्गी सोळा वर्षांची आहे. पोरगी वाऱ्यासारखी, पण खोड बापाची. नजर पायापुढच्या खांबावर.

“तुमच्या घरातली ही जुनी खोड आहे,” त्सांगर्लबाई मला दुकानात येऊन सुनावून गेल्या. “तुम्हाला मी सुधारू शकले नाही. हिला सुधारणार.”

त्यांनी काय केलं, तर गावभरचे लोकरी हातमोजे गोळा केले आणि एकेका खांबाच्या डोक्यावर एकेक चढवला. रोज सकाळी रंगांचा क्रम वेगळा. प्रत्येक गेटमधून जाताना, पुढच्याच्या पुढच्या गेटवरच्या मोज्याचा रंग ओरडून सांगायचा. चुकलं की पुन्हा वरून सुरुवात. तीन आठवडे ती हिमनदी भाजीबाजारासारखी ओरडत होती. लाल! पिवळा! निळा! पाद्रीबाबांचा काळा!

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी निवडीची शर्यत होती. आमच्या खोऱ्यातून प्रांताच्या संघात एकच जण घेणार, आणि जो जाईल त्याने दुसऱ्याच दिवशी तिकडच्या वसतिगृहात राहायला जायचं, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. बुर्गीला जायचं होतं. ती निवडली जावी असं मला फार वाटत होतं, आणि ती गेलेली मला सोसणार नव्हती. हे मी कोणालाच सांगितलं नाही. घरात तीन माणसं, त्यातलं एक उठून जाणार, हे बोलायला जीभ उचलत नाही.

मोज्यांच्या दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ते पहिल्यांदा झालं. सकाळी माझी बायको आफ्रा चुलीपाशी होती. बुर्गी डोळे चोळत आली.

“उठलीस का?” आफ्राने विचारलं.

“अर्धा कप,” बुर्गी म्हणाली.

आफ्रा बघतच राहिली. कारण तिला पुढे विचारायचं होतं, पाय दुखतायत का, आणि त्याच्या पुढे विचारायचं होतं, दूध किती घालू. दुधाचं उत्तर आधीच येऊन बसलं होतं.

दुपारपर्यंत आमच्या लक्षात आलं. तुम्ही एक वाक्य बोललात की बुर्गी त्याचं उत्तर देत नाही, त्याच्या पुढच्याचंही नाही. तिसऱ्याचं देते. पोरीची नजर दोन गेट पुढे जाऊन बसली होती ती काही केल्या मागे येईना.

“अहो बाई, हे काय करून ठेवलंत?” मी त्सांगर्लबाईंना विचारलं.

“वेळ बघितलीत का तिची?” बाई म्हणाल्या. “दीड सेकंदाने सुधारली आहे. दीड! तुम्हाला दुधाची पडलीय.”

आता आमचं गाव कसं आहे, तर रीतीचं. उत्तर मिळालं म्हणून प्रश्न टाळायचा, असला फुकटेपणा आमच्याकडे चालत नाही. बुर्गी बेकरीत शिरली, बेकरीवाल्या म्हाताऱ्या कासियानने “ये गं” म्हटलं, तिने “नको, पिशवी आणलीय” म्हटलं, की त्याने मुकाट्याने “किती पाव देऊ?” विचारायचं आणि मग “पिशवी देऊ का?” हेही विचारायचं. पावांचा आकडा तोवर हवेतच. म्हणून तो अंदाजाने चार बांधायचा. पाद्रीबाबांकडे ती पापाची कबुली द्यायला गेली. त्यांनी “बोल, लेकरा” म्हणताच तिने “आभारी आहे, फादर, तेवढी प्रार्थना म्हणेन” असं सांगितलं आणि निघून आली. पाद्रीबाबा मागे एकटेच बसले. त्यांनी तिला तिची पापं विचारली, प्रायश्चित्त सांगितलं, आणि ते सगळं रीतसर संपवूनच जेवायला उठले. मुलं तिची चेष्टा करायची, पण तीसुद्धा जपून, कारण टोमणा मारला की तिसऱ्या टोमण्याचं उत्तर आधी तोंडावर बसायचं.

मला, खरं सांगायचं तर, मजा वाटत होती. शनिवार येईपर्यंत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती स्की खांद्यावर टाकून दुकानात आली. मी दुसऱ्या कोणाच्या स्कीला मेण लावत होतो. इस्त्री हातात होती.

“ठेव तिथे,” मी म्हणालो.

तिने स्की बाकावर ठेवल्या. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “माफ केलं, बाबा.”

आणि जेवायला गेली.

मी इस्त्री खाली ठेवली. “ठेव तिथे” हे पहिलं वाक्य. “माफ केलं” हे तिसऱ्याचं उत्तर. म्हणजे तिसरं वाक्य, “मला माफ कर.” मग मधलं दुसरं कुठलं? माणूस कशाची तरी कबुली देतो, मगच माफी मागतो. मी कशाची कबुली देणार होतो? मी काही केलंच नव्हतं. शपथेवर सांगतो, तोवर माझ्या मनात काही नव्हतं.

मग मी बाकावरच्या स्कीकडे बघितलं, आणि आलं.

उद्याचा उतार काचेसारखा असणार होता. रात्री त्यावर पाणी मारतात, ते गोठतं. तसल्या बर्फावर पायाखालच्या वीतभर जागेतली धार जरा जरी मेली, तरी वळणावर स्की सटकते. पडायचं काही कारण नाही. नुसती अर्ध्या सेकंदाने मागे. तिसरी आली असती, चौथी आली असती. संध्याकाळी घरी, आफ्राच्या हातचं पावाच्या गोळ्यांचं सूप, आणि माझ्यासमोर ती. कोणाला कळलंही नसतं. आणि माफी तर आधीच मिळाली होती! उलट मी काहीच केलं नसतं, तर पोरीची ती माफी वाया गेली असती. आमच्या गावात हे कोणाला रुचलं नसतं.

असा शहाणपणा माणसाला कधी सुचतो ते मी आता ओळखतो. तेव्हा ओळखलं नाही. मी दगड उचलला, डाव्या स्कीच्या कडेवर तिरपा धरला, आणि एकदा ओढला.

एकदाच. मग अंगठ्याचं नख त्या कडेवरून फिरवलं. चांगली धार असली की नखाचा पांढरा भुगा निघतो. निघाला नाही. तीस वर्षांत माझ्या बाकावरची स्की नखावरून अशी गुळगुळीत गेली नव्हती, आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी दुकानाचा दरवाजा आतून लावून घेतला. मग कानस घेतली. डावी पूर्ण केली, उजवीही केली, सत्त्याऐंशी अंशांच्या कोनावर, टोकापासून शेपटीपर्यंत, हाताने. अंगठ्याचं नख अर्धं झिजलं तेव्हा थांबलो.

पण ओढायचं ते ओढून झालं होतं. आणि आता पंचाईत अशी, की बुर्गीशी मी पुढचं वाक्य बोललो, तर ते कबुलीचंच असायला हवं. “जेवलीस का?” म्हणालो असतो तर सगळा क्रम बिघडला असता. म्हणून मी तोंड शिवून टाकलं. संध्याकाळभर तिच्याशी एक अक्षर नाही. रविवारी सकाळी नाही.

“घशाला काय झालंय तुझ्या?” आफ्राने विचारलं.

“काही नाही.”

“मग पोरीशी बोल की! शर्यत आहे तिची. बाप आहेस की खांब?”

मी नुसता बुर्गीच्या पाठीवर हात ठेवला. हाताला वाक्यात धरत नाहीत.

शर्यतीला सारं खोरं लोटलं होतं. उतरायला बुर्गीचा नंबर चौदावा, शेवटचा. ती सुटली आणि पहिल्या तीन गेटांतच मला कळलं, की धार धरते आहे. बर्फावर करवतीसारखा आवाज येत होता. हात पुढे, नडगी खांबावर, मूठ खांबावर, टक, टक, टक, आणि डोळे मात्र खाली कुठेतरी, जिथे ती अजून पोचलीच नव्हती. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही बघितलेलं नाही. मी रडत होतो आणि कासियानला सांगत होतो की वाऱ्यामुळे होतंय.

आणि मग शेवटची दोन गेट बाकी असताना तिने दोन्ही हात वर केले. जिंकल्याचा आनंद! शर्यत संपायच्या आधी, दोन गेट पुढचा!

“हात पुढे!” त्सांगर्लबाईंनी अशी किंकाळी फोडली की वरच्या कड्यावरून बर्फ घसरला. “अगं ए, हात पुढे!”

बुर्गी हात वर करूनच त्या दोन गेटांतून गेली. पहिला खांब तिच्या बरगडीवर बसला, दुसरा हनुवटीवर. हनुवटीतून रक्त, चेहऱ्यावर हसू, आणि रेषेपलीकडे घड्याळ. आठ शतांश सेकंदांनी पहिली. त्यातल्या शेवटच्या गेटला मी एकोणिसाव्या वर्षी अडकलो होतो.

लोक तिचं अभिनंदन करायला धावले. ती त्यांना सांगत होती, “उद्या सकाळच्या बसने.” लोक बिचारे मग ओळीने विचारत होते, आता पुढे काय, आणि निघणार कधी.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं बसथांब्यावर उभे होतो. तिच्या हनुवटीला पट्टी. आफ्राने सॉसेज आणि पाव बांधून दिला होता. बस आली, ड्रायव्हरने स्कीची पिशवी बसच्या पोटात घातली. मी अजून गप्प. आफ्राने मला कोपराने ढोसलं.

“बोल. आता नाही बोललास तर मी तुला घरात घेणार नाही.”

बुर्गी बसच्या पायरीवर चढली आणि वळली. मी जवळ गेलो.

“शनिवारी मी तुझ्या डाव्या स्कीची धार मारली,” मी म्हणालो. “मग परत लावली. पण मारली होती.”

आफ्राने “क्विरिन!” म्हणून तोंडावर हात ठेवला. बुर्गीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिला ते शनिवारी दुपारीच कळून, पचूनही गेलं होतं.

“येईन की, बाबा,” ती म्हणाली. “पहिल्या सुट्टीलाच येईन. तू दुकान उघडं ठेव.”

“मला माफ कर,” मी म्हणालो, कारण त्याची पाळी होती.

ड्रायव्हरने दार लावलं. काचेआड तिचे ओठ हलले, पण ऐकू काही आलं नाही. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. बस निघाली. आफ्रा हात हलवत चार पावलं धावली, मग थांबली. बस चर्चपाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

कासियान बेकरीच्या दारात पिठाचे हात घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे, आटप, राहिलंय तुझं. मी रस्त्याच्या मधोमध गेलो, बस गेली त्या बाजूला तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं, “बुर्गी, परत येशील ना गं?”